न्यायासनाचा जमाखर्च

१० जानेवारी १८७९ रोजी मुंबईचे उच्च न्यायालय ओव्हल मैदानासमोरच्या आपल्या नव्या इमारतीत पहिल्यांदा बसले. त्याआधीची बरीच दशके, म्हणजे रेकॉर्डर कोर्ट आणि सुप्रीम कोर्ट अशा त्याच्या पूर्वावतारांच्या काळातही, ते कोटातल्या अपोलो स्ट्रीटवरच्या 'ॲडमिरल्टी हाऊस' नावाच्या जुन्या वास्तूत भरत असे. नव्या इमारतीचा आराखडा कर्नल फुलर या लष्करी अभियंत्याचा. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. खर्च आला १६ लाख ४४ हजार ५२८ रुपये. मंजूर अंदाजपत्रक होते १६ लाख ४७ हजार १९६ रुपयांचे. म्हणजे साडेसात वर्षे चाललेल्या या प्रचंड बांधकामात सरकारचे २,६६८ रुपये वाचले! सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासात असे प्रसंग विरळा, म्हणून मुंबईच्या इमारतींवर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक लेखक हा आकडा कौतुकाने नोंदवतो.

त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला, त्याच मुंबई इलाख्यात, आणखी एक न्यायालय जन्माला आले. त्याला इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते, घड्याळाचा मनोरा तर नव्हताच. गावचा पाटील किंवा गावात वजन असलेला कोणी गृहस्थ 'व्हिलेज मुन्सफ' म्हणून नेमायचा आणि त्याने दहा रुपयांपर्यंतचे दावे चावडीवर बसून निकालात काढायचे, अशी ती योजना. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट'ने, म्हणजे १८७९ च्या सतराव्या कायद्याने, ती आणली. पहिल्या न्यायालयाचा खर्च आपल्याला रुपयापर्यंत ठाऊक आहे. दुसऱ्याचा खर्च सरकारी हिशेबात जवळजवळ शून्य दिसतो. पण न्यायालय फुकट कधीच बसत नाही. सरकारने खर्च दिला नाही, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी वहीत नावे पडतो. तो कोणाच्या, हे शोधायचे तर जरा मागे जावे लागते.

आपल्याकडे कंपनी सरकारच्या आधी न्यायाचा खर्च पक्षकार देत, आणि तो उघडपणे देत. मराठी राज्यातल्या महजरांत, निवाडपत्रांत दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात : हरकी आणि गुन्हेगारी. वाद जिंकणाऱ्याने हर्षापोटी सरकारात भरायची ती हरकी, आणि हरणाऱ्याने खोटा वाद सांगितल्याबद्दल भरायची ती गुन्हेगारी. दोन्ही रकमा वादाची किंमत आणि माणसाची ऐपत पाहून ठरत. शिवाय प्रतिवादीला बोलावण्यासाठी सरकारी प्यादा गेला की त्याच्या खर्चापोटी 'मसाला' वसूल होई. म्हणजे आजच्या भाषेत समन्सचा भत्ता. गोतसभेतले पंच वेतन घेत नसत. गावचे वतनदार, देशमुख-देशपांडे, बलुतेदार, आसपासच्या गावांचे पाटील हेच गोत. त्यांना काम सोडून दुसऱ्या गावी यावे लागे, दिवस मोडावे लागत, आणि तेवढे दिवस त्यांची व्यवस्था पाहणे हा कोणाच्या तरी खर्चाचा भाग होताच. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. मला तिच्याबद्दल एवढेच म्हणायचे आहे की सरकारच्या दृष्टीने न्याय ही खर्चाची नव्हे, उत्पन्नाची बाब होती. हरकी आणि गुन्हेगारी हे सरकारी जमेकडचे शब्द आहेत.

इंग्रजांनी ही कल्पना मोडली, असे आपण समजतो. तसे झाले नाही. त्यांनी ती सुधारून घेतली. बंगालमध्ये १७९३ साली कॉर्नवॉलिसने जिल्हा न्यायालयांची मांडणी केली, तेव्हा दावा दाखल करण्यावरची फी काढून टाकली. तत्त्व उदात्त होते : सरकारची दारे सर्वांना मोकळी. पण खालच्या पायरीवर, पन्नास रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी, जे देशी मुन्सफ नेमले त्यांना पगार नव्हता. दाव्याच्या रकमेवर रुपयामागे एक आणा हे त्यांचे उत्पन्न. वरच्या न्यायाधीशाला तिजोरीतून पगार आणि खालच्याला पक्षकाराकडून दलाली, ही विभागणी पुढे अनेक रूपांत टिकली. दोनच वर्षांत दाव्यांचा ढीग साचला आणि १७९५ मध्ये सर जॉन शोअरच्या कारकिर्दीत फी परत आली. कारण असे दिले गेले की लोक क्षुल्लक आणि खोटे दावे आणतात, त्यांना आळा बसायला हवा.

हे कारण जितके सोयीचे तितकेच फसवे. फी खोट्या दाव्याला अडवत नाही, गरीब दाव्याला अडवते. खोटा दावा करणारा श्रीमंत असेल तर तो फी भरून खोटे बोलतो. नेमक्या त्याच सुमारास, १७९५ मध्ये, इंग्लंडात जेरेमी बेंथमने न्यायावरच्या करांचा निषेध करणारा आपला निबंध प्रसिद्ध केला होता. सर्व करांत हा कर सर्वांत वाईट, कारण तो माणसावर तो संकटात असतानाच पडतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. पुढे १८३०च्या दशकात मेकॉले कलकत्त्यात कायदा सदस्य असताना त्याने १७९५च्या त्या प्रस्तावनेची मनसोक्त टर उडवली. त्याचा मुद्दा साधा होता : दावा खोटा की खरा हे निकालानंतर कळते, फी मात्र आधीच घेतली जाते. मेकॉलेचे शिक्षणाविषयीचे टिपण आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कोर्ट फीविषयीचे त्याचे म्हणणे कोणाला आठवत नाही. सरकारनेही ते मनावर घेतले नाही. १८७०च्या सातव्या कायद्याने कोर्ट फीची चौकट साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानसाठी एकत्र बांधली गेली आणि स्टॅम्प हा न्यायालयाच्या आवाराचा कायमचा रहिवासी झाला.

आता पुन्हा दख्खनकडे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांची एक गोष्ट विलक्षण होती. माणसे मारण्याकडे जमावाचा रोख नव्हता, कागदांकडे होता. खते, रोखे, हुकूमनामे मिळवायचे आणि जाळायचे. शेतकऱ्यांना शत्रू कोण ते नेमके कळले होते. सावकार तर होताच, पण त्याच्या हातातले शस्त्र म्हणजे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा.

हे कसे घडले त्याची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्यातून आणि नंतरच्या चर्चेतून जे चित्र पुढे आले ते न्यायालयाच्या खर्चाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी सावकार व्याजासकट नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि नाही लिहिला तर कोर्ट. कोर्ट तालुक्याच्या किंवा त्याहून दूरच्या गावी. सावकाराला तिथे जाणे परवडे. त्याचे एकाच वेळी दहा दावे असत, त्याचा कारकून कोर्टाची वाट ओळखून असे, वकील ठरलेला असे. कुणब्याला मात्र एका तारखेसाठी दोन-तीन दिवस मोडायचे. पेरणीच्या किंवा मळणीच्या दिवसांत तारीख पडली तर विचारायलाच नको. मग तो जातच नसे, आणि निकाल एकतर्फी लागे. एकतर्फी निकालांचे प्रमाण मोठे होते, ही आयोगापुढची मुख्य तक्रार होती. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये कचेऱ्या, कोर्टे आणि तिथले कारकून यांच्याकडून होणाऱ्या शेतकऱ्याच्या नाडवणुकीवर जे जळजळीत लिहिले, ते याच काळाचे.

म्हणजे कोर्ट होते, न्यायाधीश होता, कायदाही होता. कोर्टाच्या खर्चाचा जो भाग सरकारने उचलला नव्हता, तो अंतराच्या आणि दिवसांच्या रूपाने शेतकऱ्याकडे आला, आणि ज्याला तो पेलेना त्याच्यापुरते कोर्ट अस्तित्वातच राहिले नाही.

१८७९च्या कायद्याने यावर काढलेले उपाय धाडसी होते, हे मान्य करायला हवे. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरले होते, त्याचाही वाटा त्या धाडसात असेल. न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा देऊ नये, व्यवहाराच्या मुळाशी जावे, पहिले कर्ज किती, व्याज किती, फेड किती हे उकरून काढावे, असे बंधन घातले. प्रतिवादीला शक्यतो समोर आणून त्याची जबानी घ्यावी. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांना सामान्यतः मज्जाव. दावा लावण्याआधी समेट घडवणाऱ्या 'कन्सिलिएटर'कडे जायचे, आणि समेट झाला नाही असा त्याचा दाखला मिळाल्यावरच कोर्टाची पायरी चढायची. शिवाय गावोगावचे मुन्सफ. आणि या सर्वांच्या कामाची तपासणी करायला एक खास न्यायाधीश.

या तरतुदी दोन गटांत पडतात, आणि माझ्या मते कायद्याचे पुढचे सारे भवितव्य या विभागणीत आहे. एका गटाला पैसा लागत होता. रोख्याच्या मुळाशी जायचे म्हणजे एकेका दाव्याला आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ, म्हणजे जास्त सबजज्ज, जास्त कारकून, तपासणीसाठी फिरते अधिकारी. दुसऱ्या गटाला पैसा लागत नव्हता : गावचा मुन्सफ मानद, समेटकार मानद. सरकारने दुसऱ्या गटाकडून फार अपेक्षा ठेवल्या, कारण त्या स्वस्त होत्या.

पहिल्या गटाचे काम बऱ्यापैकी झाले. त्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत महादेव गोविंद रानड्यांचे नाव मोठे आहे. १८८०च्या दशकात ते या कायद्याच्या अंमलबजावणीशी जोडले गेले, आधी साहाय्यक म्हणून आणि नंतर खास न्यायाधीश म्हणून. हे काम खुर्चीत बसून करायचे नव्हते. चार जिल्ह्यांतल्या तालुक्यातालुक्याला जायचे, सबजज्जांची दप्तरे उघडायची, निकाल वाचायचे, चुकले असतील तिथे दुरुस्त करायचे. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या फिरतीची वर्णने आहेत. एका विद्वान, अर्थशास्त्र जाणणाऱ्या न्यायाधीशाने वर्षानुवर्षे कुणब्यांचे लहान लहान दावे तपासत हिंडावे, याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. पण त्याचा पगार, त्याचा प्रवास आणि त्याची कचेरी यांचा खर्च सरकारने केला होता, म्हणून ते होऊ शकले.

दुसरा गट खंगत गेला. गावचा मुन्सफ बिनपगारी, पण त्याचे हितसंबंध बिनमोल नव्हते. पाटील स्वतः कोणाचा तरी ऋणको होता, कोणाचा तरी भाऊबंद होता. गावात वजन असलेला 'दुसरा कोणी गृहस्थ' अनेकदा कोण असणार, हे सांगायला नको. समेटकाराचे तर आणखीच अवघड. त्याच्याकडे अधिकार नव्हता, फक्त दाखला होता. दावा लावण्याआधीची ती एक जादा पायरी ठरली आणि एक जादा खेप. ज्या शेतकऱ्याची खेप वाचवायची म्हणून ही व्यवस्था केली, त्यालाच आधी समेटकाराकडे आणि मग कोर्टाकडे असे दोनदा जावे लागे. समेटाचा कागद करून घेऊन तोच हुकूमनाम्यासारखा वापरता येतो, हे सावकारांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. विसाव्या शतकात समेटाची ही व्यवस्था मोडीतच निघाली.

याच दशकांत पुण्यात सार्वजनिक सभेने आणि गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी लवाद कोर्टांचा उद्योग केला होता. सरकारी कोर्टांत पैसा आणि वेळ घालवण्याऐवजी आपसांतले वाद आपल्याच पंचांपुढे मिटवा, हा त्यामागचा विचार. स्वदेशीच्या कल्पनेचाच तो न्यायातला अवतार. त्याबद्दल आदर ठेवूनही एक फरक नोंदवला पाहिजे. लवादाचा खर्च तो चालवणाऱ्यांनी राजीखुशीने उचलला होता. व्हिलेज मुन्सफाचा खर्च सरकारने इतरांवर ढकलला होता. स्वेच्छेने दिलेला वेळ आणि लादलेला वेळ यांचा हिशेब एकाच स्तंभात मांडता येत नाही.

नोव्हेंबर १८९३ मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या अकाली मृत्यूनंतर, रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि त्या सोळा लाखांच्या इमारतीत बसू लागले. १८७९ मध्ये जन्मलेली दोन्ही न्यायालये आतून पाहिलेला असा माणूस दुसरा क्वचितच असेल.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न तोच राहिला, फक्त उत्तर देणाऱ्याची भाषा बदलली. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १९५८च्या आपल्या चौदाव्या अहवालात सांगितले की न्यायदान हे राज्याचे मूलभूत काम आहे आणि कोर्ट फी हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन असू नये. पुढच्याच वर्षी मुंबई राज्याने स्वतःचा कोर्ट फी कायदा केला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका खटल्यात कोर्ट फी ही 'फी'च आहे, कर नव्हे, म्हणून तिचा न्यायदानाच्या खर्चाशी काहीतरी संबंध असला पाहिजे, असा दंडक घातला. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, मालमत्ता, घटस्फोट, अत्याचार अशा दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, ही चांगली गोष्ट. २०१८ पासून कोर्ट फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली, हीदेखील नोंद करायला हवी.

खरी गुंतागुंत मात्र फीत नाही, नवे न्यायालय उभे करण्यात आहे. कागदावर ते सोपे दिसते. १८६९च्या दिवाणी न्यायालय कायद्याखाली अमुक गावी दिवाणी न्यायाधीशाचे न्यायालय बसवावे, असा प्रस्ताव होतो. तालुक्याच्या वकील मंडळाने त्यासाठी वर्षानुवर्षे निवेदने दिलेली असतात. मग पदांचा तक्ता येतो. न्यायाधीश एक, पण त्याच्याबरोबर अधीक्षक, लघुलेखक, लिपिक, नाझर, बेलिफ, शिपाई. फौजदारी काम असेल तर सरकारी अभियोक्ता आणि पोलिसांचा पैरवी कर्मचारी. जागा, न्यायाधीशाचे निवासस्थान, मुद्देमालाची खोली, कोठडी, जुनी प्रकरणे ठेवायला कोरडी जागा. इमारतीचा खर्च एकदाच होतो, म्हणून कोनशिला बसते आणि भाषणे होतात. पगार, निवृत्तिवेतन, वीज, टपाल, कागद हा दरवर्षीचा खर्च. त्याची कोनशिला नसते. आणि नवे न्यायालय जगते की मरते ते या दुसऱ्या खर्चावर.

अकराव्या वित्त आयोगाने २००० साली देशभर १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी पाच वर्षांकरिता ५०२ कोटी ९० लाख रुपये सुचवले. भागाकार करून पाहा. एका न्यायालयाला पाच वर्षांत २९ लाख, म्हणजे वर्षाला पाच लाख ऐंशी हजार. त्यातच इमारतीची डागडुजी, न्यायाधीश, कर्मचारी, सारे. बऱ्याच ठिकाणी निवृत्त न्यायाधीश किंवा तात्पुरत्या नेमणुका करून ही न्यायालये चालली, आणि चालली तेवढ्यात त्यांनी लाखो प्रकरणे निकाली काढली, हे खरे. पाच वर्षांनी मुदतवाढ मिळाली. ३१ मार्च २०११ ला केंद्राने हात काढून घेतला आणि पुढचे राज्यांनी पाहावे असे झाले. ज्या राज्यांना परवडले नाही त्यांनी न्यायालये बंद केली. त्या न्यायालयांतली प्रकरणे पुन्हा नेहमीच्या न्यायालयांत गेली आणि रांगेत उभी राहिली.

ग्राम न्यायालयांची कथा याहून बोलकी. २००८चा कायदा २ ऑक्टोबर २००९ रोजी, गांधी जयंतीचा मुहूर्त साधून, अमलात आला. तो वाचताना १८७९ चा कायदा समोर ठेवावा. इथेही समेटकारांची यादी आहे. इथेही पुरावा कायद्याचे काटेकोर नियम बंधनकारक नाहीत. न्यायाधिकाऱ्याने ठरावीक काळाने गावांत जाऊन बसायचे आहे, दिवाणी दाव्याची फी शंभर रुपयांपेक्षा जास्त घ्यायची नाही, अपील सहा महिन्यांत निकालात काढायचे आहे. मोठा फरक एकच, आणि तो आधीच्या चुकीतून शिकल्याचे दाखवतो : न्यायाधिकारी गावचा मानद गृहस्थ नाही, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या पात्रतेचा पगारी न्यायाधीश आहे.

मग पैसा? केंद्राने एका ग्राम न्यायालयासाठी एकरकमी १८ लाख देऊ केले : इमारतीसाठी १० लाख, वाहनासाठी ५, कार्यालयीन साहित्यासाठी ३. चालू खर्चाचा निम्मा वाटा, पण वर्षाला ३ लाख २० हजारांच्या आत, आणि तोही पहिली तीन वर्षे. म्हणजे महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. त्यात न्यायाधीशाचे अर्धे वेतन तरी निघेल का, हे ज्याने त्याने पाहावे. चौथ्या वर्षापासून सारे राज्याच्या माथी. त्यातच कायद्याच्या तिसऱ्या कलमात राज्य सरकार ग्राम न्यायालय स्थापन 'करू शकेल' असे आहे, 'करील' असे नाही. एका क्रियापदाच्या रूपात केवढी आर्थिक सुटका लपली आहे! मध्यम स्तरावरच्या पंचायतींचा हिशेब धरून देशात पाच हजारांवर ग्राम न्यायालये व्हावीत असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती शेकड्यांतच राहिली. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना चार आठवड्यांत अधिसूचना काढा असे बजावावे लागले.

वकिलांचा विरोध, पोलिसांची अनास्था, तालुक्याला आधीच न्यायालय असणे अशी इतर कारणेही दिली जातात आणि ती खोटी नाहीत. पण ज्या योजनेचा चौथ्या वर्षाचा खर्च कोणी लिहूनच ठेवलेला नाही, तिच्याबाबत इतर कारणे शोधायची घाई का करावी, असे मला वाटते.

न्यायालय न बसवताही न्यायालयाचा खर्च वाढवता येतो, ही आणखी एक तऱ्हा. न वटलेल्या धनादेशाला १९८८च्या दुरुस्तीने गुन्हा ठरवले. १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झाले. संसदेने गुन्हा निर्माण केला, तो चालवायला न्यायालये निर्माण केली नाहीत. २०१९ च्या अखेरीस देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी प्रकरणांपैकी ३५ लाख १६ हजार एकट्या या कलमाखालची होती. खरे तर २००५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नव्या कायद्याचा न्यायालयांवर किती बोजा पडेल याचा अंदाज घेण्याची पद्धत असावी, असे सुचवले होते. न्या. जगन्नाथ राव समितीने २००८ मध्ये त्यावर अहवालही दिला. विधेयकासोबत आर्थिक निवेदन जोडायची पद्धत आहे. त्यात कायदा राबवणाऱ्या खात्याचा खर्च येतो. तो कायदा मोडल्यावर ज्याच्यापुढे खटला चालेल त्या न्यायाधीशाचा खर्च क्वचितच येतो.

शेवटी कोल्हापूर. तिथे संस्थानकाळी स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि वरच्या न्यायाचे ठिकाण पावणेचारशे किलोमीटर दूर गेले. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला ते याहूनही लांब. औरंगाबादला १९८१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाखाली न्यायमूर्ती बसवले. त्याला आव्हान मिळाले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला आणि १९८४ मध्ये ते खंडपीठ कायमचे झाले. या पोटकलमाची गंमत अशी की त्यात नवे न्यायालय निर्माण होतच नाही. तेच न्यायालय, तेच न्यायमूर्ती, फक्त बसण्याची जागा वेगळी. सरकारी खर्चाच्या दृष्टीने हा सर्वांत स्वस्त मार्ग. कोल्हापूरलाही तोच लागू पडला, पण त्याला चार दशकांहून जास्त काळ लागला.

त्या चार दशकांचा हिशेब कोणी ठेवला? सरकारचे जे पैसे वाचले ते मोजता येतील. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतून रात्रीच्या एस.टी.ने किंवा रेल्वेने मुंबईला जाऊन, दुपारी प्रकरण पुकारलेच गेले नाही म्हणून पुढची तारीख घेऊन परतणाऱ्या पक्षकारांचे पैसे कुठल्याच शासन निर्णयात नाहीत. मुंबईच्या वकिलाची फी, मुक्कामाचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि एवढे झेपणार नाही म्हणून मुळात केलेच नाही असे अपील. हा शेवटचा आकडा तर कोणालाच मोजता येणार नाही.

१७ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. नवी इमारत नाही. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या न्यायालयाच्या वास्तूची डागडुजी करून तिथेच न्यायमूर्ती बसले. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कात जागा राखून ठेवली आहे. तिचे अंदाजपत्रक होईल, निविदा निघतील. कर्नल फुलरसारखे कोणी २,६६८ रुपये वाचवील की नाही, ते यथावकाश कळेल. तोवर, कणकवलीहून सकाळी निघालेला माणूस आपले प्रकरण ऐकून संध्याकाळी घरी जेवायला पोहोचू शकतो.